चारच्या गाडीचे याकूबभाई

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं आणि त्यात घड्याळ नव्हतं. अर्ज टाईप करून घ्यायला आलेली माणसं कुरकुर करायची, बाई, एक घड्याळ लावा की भिंतीवर. मी म्हणायचे, कशाला, आमचे याकूबभाई आहेत ना. साडेतीन झाले की समोरच्या पानाच्या दुकानाशेजारचं स्टूल रिकामं व्हायचं. याकूबभाई रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचे, टाईप झालेल्या बातम्या पुन्हा एकदा वाचायचे, पाकिटात घालायचे आणि चारच्या पुणे गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. पुण्याच्या स्टँडवर त्यांच्या दैनिकाचा माणूस ते घ्यायला उभा असायचा. वीसेक वर्षं हे असंच चाललं. ड्रायव्हर कुणीही असो, गाडी लागली की त्याचा हात आपोआप खिडकीबाहेर यायचा.

याकूब तांबोळी आमच्या तालुक्याचे वार्ताहर होते आणि कादंबरीकारही होते. पुण्यातल्या शहाण्या माणसांना हे दोन शब्द एका दमात ऐकले की गंमत वाटायची. याकूबभाईंना अजिबात वाटायची नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं असत, निळं बातमीचं आणि काळं कादंबरीचं. एकदा निळ्यातली शाई संपली तेव्हा मी म्हटलं, काळ्यानं लिहा की, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दुसऱ्याच्या चपला घालून घरी जायला सांगितलं होतं. त्या दिवशी बाजार समितीची बातमी त्यांनी पेन्सिलीनं लिहिली.

पानाचं दुकान त्यांच्या थोरल्या भावाचं. याकूबभाई स्वतः पान खात नसत, पण दिवसभर तिथं बसल्यामुळे त्यांच्या कागदांना कात आणि बडीशेपेचा वास यायचा. बसायला तीच जागा का, तर तालुक्यातला प्रत्येक माणूस गाडीतून उतरला की आधी पानाच्या दुकानाशी थांबतो. बातमीच्या मागे धावायची गरजच नाही, म्हणायचे, ती सुपारी मागायला येते.

तरुणपणी ते दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हंगामी कामाला होते. ज्यांनी दौंडहून प्रवास केलाय त्यांना ठाऊक असेल, पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढा वेळ गाडी उभी, माणसं खाली. याकूबभाईंची पहिली कादंबरी तेवढ्याच वेळात घडते. एक नवरा, एक बायको, एक पार्सलवाला, आणि इंजिन इकडून तिकडे जाईपर्यंत त्यांचं सगळं आयुष्य उलटं फिरतं. 'इंजिन फिरेपर्यंत' असं नाव. मी ती एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फटकारलं, त्या बाईला गाडीत परत का बसवलं म्हणून. ते शांतपणे म्हणाले, बसवलं नाही ताई, ती बसली.

त्या कादंबरीला एक बक्षीस मिळालं आणि दौंडात सत्कार झाला. पाहुणे मोठे होते. भाषणात म्हणाले, याकूबभाई मुसलमान असूनही किती सुंदर मराठी लिहितात. सभागृहात टाळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याकूबभाई उत्तराला उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाले, पाहुणे एवढे मोठे असूनही वेळेवर आले, त्यांचे विशेष आभार. पाहुण्यांना ते कळायला परतीच्या प्रवासात निम्म्या वाटेपर्यंत जावं लागलं असेल.

कादंबरी ते पत्रिकांच्या पाठीवर लिहायचे. वार्ताहराला लग्नाच्या, उद्घाटनाच्या, वाढदिवसाच्या पत्रिका ढिगानं येतात आणि मागची बाजू कोरी असते. मी टाईप करायला बसले की एका बाजूला त्यांची नायिका विहिरीकडे निघालेली आणि दुसऱ्या बाजूला तळेगाव ढमढेऱ्याच्या कुणा चिरंजीवांचं लग्न. एकदा माझ्याच हातून कागद उलटला आणि नायिका विहिरीवर पोचायच्या आधी मी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं टाईप करून मोकळी झाले. याकूबभाई पोट धरून हसले. पण नावात चूक झालेली त्यांना खपत नसे. बातमीतलं प्रत्येक नाव ते तीनदा तपासायचे. आडनावाची वेलांटी चुकली तरी त्या माणसाच्या घरी जाऊन माफी मागून यायचे.

इतक्या काटेकोर माणसाकडून जे झालं ते कसं झालं, हे समजायला आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. कार्यक्रम पाचला असतो आणि गाडी चारला सुटते. मग वार्ताहर काय करतो? निमंत्रणपत्रिका समोर ठेवतो आणि 'उत्साहात पार पडला' असं आधीच लिहून टाकतो. याला आगाऊ बातमी म्हणायचे. सगळे वार्ताहर लिहायचे, सगळी दैनिकं छापायची. कार्यक्रम बहुतेक वेळा पार पडायचाही. उत्साह मोजायला कोण जातंय?

पंधरा ऑगस्टची तर पूर्ण यादीच आगाऊ जायची. त्या दिवशी छापखान्याला सुट्टी, पुण्याच्या स्टँडवर पाकीट घ्यायला माणूस नसायचा, आणि सोळाला तालुक्याचं पान लवकर लागायचं, म्हणून चौदा तारखेलाच पाकीट गाडीत चढायचं. कुठल्या गावात कुणाच्या हस्ते ध्वजारोहण झालं, ते सतराच्या अंकात यायचं.

त्या वर्षी नुकतंच बायकांना सरपंचपदाचं आरक्षण आलं होतं. भीमेकाठच्या एका गावात कौसाबाई सरपंच झाल्या होत्या. गावाचं नाव मी घेणार नाही. तिथली माणसं अजून माझ्याकडे येतात आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही, म्हणजे भांडायचं आहे, पण रोज नाही. कौसाबाई माळावरच्या वस्तीतल्या, दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या. बारा तारखेला याकूबभाई त्यांना भेटून आले ते हरखूनच. बाईंनी घरामागच्या बाभळीला दावं बांधलं होतं आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीचा झेंडा करून त्या गाठ मारायचा सराव करत होत्या. शाळेतल्या गुरुजींकडून शिकल्या होत्या. गाठ अशी बसली पाहिजे की खालून एक ओढ दिली की सुटली पाहिजे.

सगळ्या यादीत याकूबभाईंनी कौसाबाईंसाठी चार ओळी जास्त लिहिल्या. 'सरपंच कौसाबाई यांनी एकाच ओढीत गाठ सोडवून तिरंगा फडकवला, तेव्हा उपस्थित महिलांचे डोळे पाणावले.' चौदा तारखेला दुपारी हे मी माझ्या या दहा बोटांनी टाईप केलं. मला आवडलंही होतं.

अठरा तारखेला कौसाबाई पानाच्या दुकानाशी आल्या. हातात त्या अंकाचं पान होतं, घडी करून करून मऊ झालेलं. याकूबभाईंनी त्यांना माझ्या दुकानात आणलं, खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. झालं होतं ते असं. त्यांना आठची वेळ सांगितली होती. त्या पावणेआठला गेल्या तर झेंडा वर. माजी सरपंच आप्पांनी सातलाच दोरी ओढली होती आणि सगळे खडीसाखर खात उभे होते. वेळ बदलली, तुम्हाला निरोप मिळाला न्हाई व्हय, असं वर विचारलं. बाईंनी झेंड्याला हात जोडले आणि घरी आल्या. दोन दिवसांनी हिंमत करून तालुक्याला तक्रार द्यायला गेल्या. तिथल्या साहेबांनी टेबलावरचा पेपर उघडून दाखवला. तुमच्याच हस्ते झालंय की बाई, छापून आलंय, मग तक्रार कसली?

हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मग पेपर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, तुमी तितं न्हवता. मंग हे लिवलं कुनी?"

मी तोंडाची फटकळ बाई. कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मी मशीनवरचा अर्धवट अर्ज काढून बाजूला ठेवला. याकूबभाईंनी ते पान उचलून आपल्या चार ओळी वाचल्या. सारवासारव करायला ते गेले नाहीत. म्हणाले, मी लिहिलं, चौदा तारखेला लिहिलं, आणि चूक माझी आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ताई, कोरा कागद चढवा.

त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. मी याकूब तांबोळी, वार्ताहर, लिहून देतो की सदर ध्वजारोहणाच्या वेळी मी हजर नव्हतो, बातमी आदल्या दिवशी केवळ अंदाजानं लिहिली होती, ती खोटी आहे. तीन प्रती काढल्या. एक साहेबांना, एक कौसाबाईंना, एक दैनिकाला. मी टाईप करता करता थांबले. म्हटलं, भाई, दैनिकाला कशाला? आगाऊ बातमी सगळेच लिहितात, पण लिहितो म्हणून सही कुणी देत नाही. काढून टाकतील तुम्हाला. ते म्हणाले, खोटं त्यांच्या कागदावर छापलंय, मग खरं त्यांना नको का कळायला? सही करताना त्यांनी निळं पेन काढलं.

व्हायचं ते झालं. दैनिकानं दुरुस्ती छापली नाही, एका गावच्या झेंड्याची काय दुरुस्ती छापायची म्हणून. याकूबभाईंचं ओळखपत्र मात्र परत मागवलं. चार वाजता गाडी यायची, ड्रायव्हर हात बाहेर काढायचा आणि पाकीट नसायचं. आप्पांची माणसं पानाच्या दुकानाशी येऊन मुद्दाम विचारायची, काय वार्ताहर, आज काय बातमी? याकूबभाई म्हणायचे, आज सुट्टी आहे, तुम्ही काही केलंत का सांगण्यासारखं?

साहेबांवर त्या पत्राचा परिणाम झाला. लेखी आदेश निघाला की यापुढे सरपंचांनीच ध्वजारोहण करायचं. आणि याकूबभाईंनी काळं पेन काढलं. कौसाबाईंवर कादंबरी लिहायला घेतली. मात्र कानाला खडा लावला होता. जिची गोष्ट तिला आधी ऐकवायची, तिनं हो म्हटल्यावरच टाईप करायचं. बाजाराच्या दिवशी कौसाबाई माझ्या दुकानात पिशवी टेकवायच्या, याकूबभाई वाचायचे, त्या ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, शेळी काळी न्हवती, बांडी व्हती. की लगेच शेळी पांढऱ्या ठिपक्यांची, बांडी. एकदा म्हणाल्या, माज्या सासूला लई चांगलं दाखवलंय, ती एवढी बरी न्हवती. याकूबभाईंनी सासूला मुकाट्यानं वाईट केलं.

जानेवारी यायच्या आत कादंबरी शेवटाला आली. पुण्याचे प्रकाशक घाई करत होते. शेवटच्या प्रकरणात सरपंचबाई झेंडा फडकवते. असं लिहिलं होतं की ऐकताना मी पदर डोळ्यांना लावला. कौसाबाई मात्र कोरड्या. वाचून झाल्यावर त्यांनी पिशवीचे बंद बांधले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी परत तेच क्येलं."

याकूबभाईंना कळेना. मलाही कळेना. मी जरा फणकारलेच. म्हटलं, अहो, ही कादंबरी आहे, पेपर नाही, कादंबरीत चालतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झालं न्हाई ते झालं म्हनून लिवलं. लोक वाचतील आन् म्हनतील, मिळालं की बाईला. आता कशाला वरडती? जवा व्हईल तवा लिवा."

याकूबभाईंनी हातातल्या पत्रिका एकावर एक नीट रचल्या. शेवटच्या सात वेगळ्या काढल्या आणि फाडल्या. इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याच सत्कारात वाटला नव्हता. प्रकाशकाला त्यांनी कार्ड टाकलं, शेवट अजून झालेला नाही, झाला की पाठवतो. प्रकाशकाचं उत्तर आलं की शेवट लेखकाच्या हातात असतो. याकूबभाई म्हणाले, यांना काही माहीत नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा ठेवलेल्या कपाटाची किल्लीच सापडेना. दुपारी बाराला सापडली. कौसाबाईंसकट सगळी माणसं पांगल्यावर आप्पांच्या पुतण्यानं उरकून घेतलं. याकूबभाई तिथं हजर होते. परत येऊन स्टुलावर बसले. मी चिडून विचारलं, आता? तर म्हणाले, आता पंधरा ऑगस्ट. आवाजात तसूभर फरक नाही. मला वाटायचं या माणसाची कादंबरी कुजून जाणार. त्यांना एकदाही तसं वाटलं नाही. म्हणायचे, ताई, ती बाई अजून बाभळीला गाठ मारतीय, मग मी कोण धीर सोडणारा?

त्या पंधरा ऑगस्टला मीही गेले त्यांच्याबरोबर जीपनं. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि कौसाबाई खांबाच्या चौथऱ्यावर बसलेल्या होत्या. वस्तीवरच्या बायका भोवती. पहाटे पाचपासून येऊन बसल्या होत्या, भाकरी बांधून. किल्लीवाल्या ग्रामसेवकाला दोन बायका जाऊन घरून घेऊन आल्या, हाताला धरून नाही, पण त्याच्या पुढं एक, मागं एक. आप्पा आले, सगळं बघितलं आणि खुर्चीवर बसले.

याकूबभाई सगळ्यांत मागे उभे होते. दोन्ही पेनं खिशात, टोपणं लावलेली. कौसाबाई उठल्या, दोरी हातात घेतली, ओढली. गाठ सुटली नाही. मागून कुणीतरी हसलं. मी याकूबभाईंचा दंड धरला, ते हलले नाहीत. कौसाबाईंनी दोरी जरा सैल सोडली, पुन्हा ओढली. झेंडा उघडला. बायकांचे डोळे वगैरे पाणावले नाहीत, त्यांनी टाळ्या पिटल्या. पाणावले ते याकूबभाईंचे.

शेवटचं प्रकरण त्यांनी त्याच दुपारी माझ्या टेबलावर बसून लिहिलं. कौसाबाईंनी ऐकलं, मान हलवली, आणि विचारलं, पयल्यांदा अडाकली ते लिवलं का? लिहिलं होतं. कादंबरीचं नावच त्यांनी 'दुसऱ्या ओढीला' असं ठेवलं. ती गाजली. पुढच्या वर्षी दैनिकानं त्यांना परत बोलावलं. कादंबरीमुळे नव्हे. नव्या माणसाला लोकांची नावं धड लिहिता येत नव्हती, म्हणून. याकूबभाई गेले, पण अट घालून, आगाऊ बातमी देणार नाही. त्यांच्या बातम्या एक दिवस उशिरा यायच्या. लोक म्हणायचे, तांबोळींची शिळी येते, पण खरी येते.

पुढं फॅक्स आला, मग कॉम्प्युटर आला. मी टाईपरायटर कपाटावर टाकला. याकूबभाई थकले, वार्ताहरकी सोडली, पण चार वाजता रस्ता ओलांडायचं सोडलं नाही. गाडीपाशी जाऊन उभे राहायचे, गाडी सुटली की परत यायचे.

एका पावसाळ्यात त्यांना छातीत दुखायला लागलं, पुण्याला हलवलं. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं. दुपारी नवा वार्ताहर माझ्याकडे आला. चांगला माणूस, याकूबभाईंना गुरू मानायचा. त्याच्या हातात कागद होता. ज्येष्ठ पत्रकार व कादंबरीकार याकूब तांबोळी यांचे निधन. डोळे पुसत म्हणाला, बाई, संध्याकाळपर्यंत जातीलच, अंक लवकर बंद होतो, आत्ता टाईप करून दिलं तर उद्या पहिल्या पानावर येईल. मी त्या कागदाची घडी केली आणि त्याच्या खिशात कोंबली. आणि मग जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं.

अकरा दिवसांनी साडेतीनला याकूबभाई रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. निम्मे झाले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता, पेनं मात्र दोन्ही खिशाला. खुर्चीत बसले, दम खाल्ला. त्या पोरसवदा वार्ताहरानं स्वतःच जाऊन सांगितलं होतं वाटतं.

"माझी बातमी आली होती म्हणे तुमच्याकडे."

"आली होती. परत पाठवली."

"का?"

"झालं नव्हतं."

ते हसले. असे हसले की ठसका लागला, मी पाणी दिलं. मग चार वाजले. ते उठून गाडीकडे गेले. ड्रायव्हर जुना होता, सवयीनं त्याचा हात खिडकीबाहेर आला. याकूबभाईंकडे पाकीट नव्हतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, हलवला, आणि गाडी वळून पुणे रस्त्याला लागेपर्यंत तिथंच उभे राहिले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं त्यांना दौंडला आपल्याकडे नेलं आणि दोन महिन्यांनी ते तिथंच गेले. दफन करून माणसं परत आली, तेव्हा मी बातमी टाईप केली. प्रत्येक नाव तीनदा तपासलं. एक दिवस उशिरा छापून आली. बाजाराच्या दिवशी कौसाबाई आल्या, म्हाताऱ्या झाल्या होत्या, पिशवी टेकवली आणि म्हणाल्या, वाचा. मी वाचली. त्यांनी एकदाही मध्ये अडवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "समदं झालेलंच लिवलंय, बाई."

मग मला रडू आवरलं नाही.